लग्नपत्रिकांचे चष्मे

सांगून ठेवतो, अकोले तालुक्यात भिंतीतून समुद्र काढणारा पहिला मास्तर मीच!

शहाण्णव साल. राजूरच्या पुढे डोंगरात आमची शाळा. नववीचा वर्ग नुकताच मिळालेला, आणि पट घसरला की तो बंद. म्हणजे मुलं राजूरला पायी जाणार आणि मुली घरी बसणार. नगरहून साहेब पट मोजायला येणार, हे कळल्यापासून मुख्याध्यापक उत्तमराव जेवणही विसरले होते.

"भीमराज, पोरं शाळेकडं ओढणारं काहीतरी काढा!"

काढलं! नगरला माझा मित्र मच्छिंद्र, फोटो स्टुडिओवाला. त्यानं कुठंतरी वाचलेलं, परदेशात मुलं डोक्यावर टोप घालून वर्गातूनच चंद्रावर फिरतात. "टोप आपल्याला झेपायचा नाही," तो म्हणाला, "चष्म्यावर भागवू!" एकच चित्र लाल आणि निळ्या रंगात, जरा सरकवून, स्लाइडवर घ्यायचं आणि प्रोजेक्टरनं भिंतीवर टाकायचं. चष्म्यात एका डोळ्याला लाल जिलेटिन कागद, दुसऱ्याला निळा. चित्र भिंत सोडून थेट अंगावर!

चष्मे आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून केले. माझ्या नाकावर 'चि. सौ. कां.' यायचं. खोलीचे काळे पडदे शमशेरभाई शिंप्यानं हौसेनं शिवले. त्याची मेहरीन नववीतच होती.

पहिली लाट भिंतीतून आली आणि पहिली रांग किंचाळत तिसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसली! शिपाई आसारामनं तर पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. आठवडाभर सगळे वर्ग आळीपाळीनं आत. चष्मे मोजके. एकानं काढला की दुसऱ्याच्या नाकावर.

पुढच्या सोमवारी निम्मी शाळा टोमॅटोसारखे डोळे घेऊन आली. मंगळवारी आलीच नाही.

राजूरच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, "डोळे आलेत. साथ आहे. थेंब घाला, आणि ते चष्मे जाळा!" जाळले. पण गावात तोवर बातमी वेगळीच पोचली होती. मी घरोघर समजूत घालायला निघालो. कलाबाईंनी दार बोटभर उघडलं.

"माझ्या नातवाला समिंदरात बुडवला व्हय रं मास्तर? मीठ गेलं त्याच्या डोळ्यात!"

"अहो कलाबाई, ते नुसतं चित्र होतं. डोळे आठवड्यात बरे होतात!"

"मग तुझं का असं झाल्यात?"

माझे दोन्ही डोळे सुजून गुलाबजाम झालेले. धारा लागलेल्या. "बुबुळं वितळत्यात म्हनं!" असं आतून कुणीतरी ओरडलं आणि दार बंद झालं. पुढच्या घरांनी तर मला लांबूनच पाहून कड्या लावल्या.

साहेब आले त्या सकाळी नववीत एकच मुलगी बसली होती. मेहरीन. डोळे लाल, पाठ ताठ. दाराशी शमशेरभाई.

"बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"डोळे आलेत, साहेब," उत्तमराव रुमालाआडून म्हणाले.

"सगळ्यांना?"

"मलाही आलेत, साहेब!"

"मला समोर दिसतं ते लिहावं लागतं."

मेहरीन उभी राहिली. "सर, मी रोज येईन. माझ्या एकटीसाठी वर्ग नाही ठेवता येणार?"

डोळे पुसायला साहेबांनी उत्तमरावांच्या हातातला रुमाल घेतला. दोन दिवसांनी कळलं, साहेबही अंथरुणाला खिळले आहेत, डोळे उघडत नाहीत. पण अहवालावर सही आधीच झाली होती.

नववी बंद झाली. मुलं राजूरला जाऊ लागली. मुली, मेहरीन सोडून, घरी बसल्या. मेहरीनसाठी शमशेरभाईनं गावातलं दुकानच उचललं आणि राजूरच्या बाजारात मांडलं. ओळखीची गिऱ्हाइकं सुटली.

मी अतिरिक्त ठरलो. नव्या शाळेत विज्ञानाची जागा नव्हती. पी.टी. दिलं! पांढरी पॅन्ट सक्तीची, म्हणून गेलो शमशेरभाईकडे. माफीही मागायची होती. त्यानं टेप काढला, कमरेभोवती गुंडाळला आणि थांबला.

"सर, पोट आत घ्या."

"आतच घेतलंय, शमशेरभाई!"