आप्पासाहेबांच्या आगटीत समुद्र

पाण्यातलं आपल्याला कळतं, हे आप्पासाहेब नुसतं म्हणत नसत, त्यांनी ते निवृत्तीनंतर कार्डावर छापून घेतलं होतं! ‘माजी कालवा निरीक्षक, बत्तीस वर्षे सेवा.’ संभाजीनगरला गारखेड्यातल्या घरात मात्र या कार्डाला कुणी विचारत नव्हतं. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हेसुद्धा सून रूपाली शेजारणीला विचारायची! हे त्यांना फार लागायचं.

म्हणून नाताळच्या सुट्टीत मुलानं, सोमनाथनं, कोकणात समुद्रावर जायचं काढलं, तेव्हा आप्पासाहेबांनी सगळा कारभार हातात घेतला.

“समुद्रावर हुरडा करायचा!” त्यांनी जाहीर केलं.

“आप्पा, तिथं लोक मासे खातात.”

“खाऊ दे त्यांना. पिशोरच्या आपल्या शेतातनं कणसं येतील, गोवऱ्या येतील. आणि साळू, तू त्या दिवशी जागची हलायचं नाय! पहिलं गरम कणीस चोळून मी तुझ्या हातावर देणार!”

साळूबाईंनी नवऱ्याकडं निरखून पाहिलं. दर हिवाळ्यात शेतावर साहेबलोकांसाठी हुरडा व्हायचा. आगटी पेटवायची साळूबाईंनी, धुरात बसून कणसं भाजायची त्यांनी, आणि जीप गेल्यावर उरलेलं गार खायचं तेही त्यांनीच. बसल्या जागी गरम हुरडा खाल्ल्याचा एक दिवस त्यांना आठवत नव्हता.

“बघू,” त्या म्हणाल्या. पण कोकणात पोचेपर्यंत तिळाच्या चटणीची बरणी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सकाळी नऊला मंडळी वाळूवर उतरली तेव्हा समुद्र लांब गेला होता. आप्पासाहेबांनी ओल्या वाळूवर टाच आपटून पाहिली.

“एक नंबर जागा! वर भुसभुशीत हाय, आगटी ढासळंल. इथंच खणा.”

“काका, तिथं नको!” शहाळी विकणारी बाई वरून ओरडली. “पाणी चढतंय तिथं. ती शेवाळाची रेघ दिसते ना, तिच्या वर बसा. सव्वादोनला पाणी रेघेला लागेल.”

आप्पासाहेबांना आधी हसू आलं आणि मग राग आला. पाण्याबद्दल आपल्याला सांगणारी ही कोण?

“बाई, भरती पुनवेला येते, आज तृतीया हाय! आणि सव्वादोन? पाणी कधी टायमावर येतं व्हय? बत्तीस वर्षं पाण्यातच काढली मी!”

बाईनं खांदे उडवले आणि पुढचं शहाळं सोलायला घेतलं.

आगटी खणली गेली. सतरंजी पसरली. नात सायली वाळूचा किल्ला करायला बसली. साळूबाईंनी, आधी जरा संकोचूनच, दोन्ही पाय लांब केले. गोवऱ्यांचे निखारे व्हायला बारा वाजले. कणसं आत गेली, खरपूस वास सुटला, आणि आप्पासाहेब पहिलं कणीस उचलणार तेवढ्यात साळूबाई म्हणाल्या, “आवं, माझा पाय भिजला.”

“दव असंल.”

“दुपारी बाराला?”

दुसरी लाट आली ती सोमनाथची चप्पलच घेऊन गेली. आप्पासाहेब ताडकन उठले!

“पाऊस नाय, पूर नाय, मंग पाणी वाढलं कामून? सोडलं कुणी?”

“आप्पा, समुद्र आहे तो.”

“समुद्र असला म्हणून काय झालं? आधी खबर द्यावी लागते! दवंडी द्यावी लागते! खाली माणसं बसलीत, आगट्या पेटल्यात, अन् ह्यांनी दिलं सोडून!”

त्यांनी तिथल्या तिथं संभाजीनगरला फोन लावला. सुदर्शन हा त्यांच्या हाताखालचा जुना कारकून, अजून नोकरीत होता.

“सुदर्शन, इथं कोकणात पाणी सोडलंय. कुणाच्या ऑर्डरनं?”

“किती सोडलंय, साहेब?”

“लई! पलीकडचा काठ दिसत नाय!”

“मंग आपल्या खात्याचं नसंल, साहेब. आपण येवढं कधी सोडलंच नाय.”

आप्पासाहेबांनी संतापून फोन बंद केला. आता स्वतःच काहीतरी करणं भाग होतं! सायलीच्या प्लास्टिकच्या बादल्या आणि फावडं जप्त झालं. आगटीभोवती अर्धगोल बांध घालायचा आणि पाणी डावीकडं चारी काढून वळवायचं, असा हुकूम सुटला. सोमनाथ खणत होता, रूपाली वाळू थापत होती, सायली किल्ला मोडून वाळू पुरवत होती आणि रडतही होती. साळूबाई सतरंजी उचलून मागं सरकत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा!

“आई, तुम्ही बसा ना,” रूपाली म्हणाली.

“कुढं बसू? तुझ्या सासऱ्यानं जागा ठेवलीय का?”

एवढ्यात मोठी लाट आली. तिनं बांधाकडं पाहिलंसुद्धा नाही! आगटीत ‘फस्स’ झालं, वाफ उठली, कणसं खाऱ्या पाण्यात बुडाली आणि पोत्यातल्या उरलेल्या गोवऱ्या एकामागून एक पाण्यावर तरंगत निघाल्या. पिशोरच्या म्हशीचं शेण परदेशी चाललं होतं!

“चला, मिठाची सोय झाली,” सोमनाथ म्हणाला. कुणी हसलं नाही.

आप्पासाहेब मात्र मागं सरकेनात. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते दोन्ही हात पसरून ओरडत होते, “बास! पुढं यायचं नाय! बास म्हणतो ना!”

आणि पाणी थांबलं! शेवाळाच्या रेघेला टेकलं आणि हळूहळू मागं वळलं. आप्पासाहेबांची छाती फुगली. ते विजयानं वळले.

“अडवलं का नाय?”

“सव्वादोन झाले, काका,” शहाळीवाली म्हणाली.

साळूबाईंनी सातव्यांदा सतरंजी अंथरली आणि काळीठिक्कर, खारट झालेली दोन कणसं नवऱ्यापुढं ठेवली.

“बत्तीस वर्षं तुम्ही पाण्याचं वेळापत्रक काढलं,” त्या शांतपणे म्हणाल्या, “अन् टायमावर आलेलं पाणी मी आज पयल्यांदा बघितलं. इथं इन्स्पेक्टर नाय म्हणून का?”

त्या रात्री आप्पासाहेब जेवले नाहीत. सगळ्यांना वाटलं, पश्चात्ताप झाला. छे! दुसऱ्या दिवशी दुपारी ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत रेघेपाशी उभे होते. सव्वादोन वाजले. पाणी रेघेपासून अजून बरंच लांब होतं. अडीच झाले. पावणेतीन झाले. आप्पासाहेबांचा चेहरा उजळत चालला! बरोबर तीनला लाट रेघेला टेकली.

“पाऊण तास लेट!” ते आनंदानं ओरडले. “साळू, बघितलं का? पाऊण तास! मी म्हणलं नव्हतं, पाणी कुणाचं ऐकत नाय!”

वर, कोरड्या वाळूत, पाय लांब करून साळूबाई शहाळीवालीच्या शेजारी शहाळं पीत बसल्या होत्या. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

“रोज पाऊण तास उशिरा येतं, काका,” बाई म्हणाली. “माझी आजी पण तसंच सांगायची.”

साळूबाईंनी शहाळ्यातली नळी बाजूला केली.

“ऐकलं का? ह्याचा उशीरसुद्धा टायमावर हाय!”

आप्पासाहेबांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि सोमनाथची वाहून गेलेली चप्पल सापडते का, ते बघायला निघून गेले.