माणिकभाऊंचा हँडग्लोज

लग्न असो, बारसं असो नाहीतर मयत, माणिकभाऊंच्या उजव्या हातात कंपनीचा हँडग्लोज असतोच. राखाडी चामड्याचा, बोटांत जुन्या उशीचा कापूस ठासून भरलेला. त्यामुळे बोटं कायम ताठ. त्यांनी रामराम केला तरी समोरच्याला वाटतं, हा आपल्याला थांबवतोय. एका लग्नात मांडवाच्या दारात त्यांनी कुणाला तरी हात दाखवला, तर नवरदेवाची गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"अहो, घरात तरी काढा तो," म्हटलं की एकच उत्तर. "सेफ्टी फर्स्ट!"

चाकणच्या एमआयडीसीच्या कडेला आमची खोल्यांची रांग आहे. माझ्या शेजारची खोली माणिकभाऊंची. माणूस उदगीरकडचा. इकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. तिथे काय झालं ते ते एका वाक्यात सांगतात, "हात मशीननं ठेवून घेतला, अन् गेटपास मला दिला." त्यानंतर कंपनी सुटली, पण कंपनीची भाषा काही सुटली नाही. सकाळी नळाला पाणी आलं की "फर्स्ट शिफ्ट, चला!" सरकारला ते मॅनेजमेंट म्हणतात. आणि अपंगांना महिन्याला मिळणाऱ्या अनुदानाला पगार. हा पगार आणि एका गोडाऊनवरची अधूनमधूनची राखण, यावर खोलीचं भाडं निघतं. पगार बंद झाला तर खोली गेली, आणि खोली गेली तर गावी भावाच्या पडवीत. हे आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यांनीच ते सगळ्यांना सांगितलंय.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो, हे मी येईल त्याला सांगतो. लपवायचं काय त्यात? पण माझ्यापेक्षा जास्त लोकांना ते माणिकभाऊंनी सांगितलंय. काहीही अडलं की दारात येऊन उभे. "तू ग्रॅज्युएट हायेस, सांग. ह्या वर्षी पाऊस कामून लांबला?" "तू ग्रॅज्युएट हायेस, सांग. कांद्याचा भाव उतरला तर वडापाव कामून उतरत न्हाई?"

त्यांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर भरपूर टक्के होते. "शाळेत काठावर पास झालो कायम. फर्स्ट क्लास भेटला तो इथं," असं ते दाखला दाखवून सांगायचे.

मग मॅनेजमेंटच्या मनात आलं, की हे पगार खाणारे फार झाले, जरा कमी करू. फेरतपासणीचं शिबिर लागलं. आणि तिथे माणिकभाऊंनी जे केलं, ते आमच्या या पट्ट्यातलाच माणूस करू जाणे. हयातभर त्यांनी कंपन्यांच्या गेटवर टेस्ट दिलेल्या. टेस्ट म्हटलं की पास व्हायचं, एवढंच रक्तात. डॉक्टर म्हणाले, "बटण लावता येतं?" यांनी डाव्या हाताने सगळा शर्ट उघडून पुन्हा लावून दाखवला, वर शिट्टी वाजवत. "पेन धरता येतो?" यांनी सही ठोकली, खाली रेघ ओढून. "वजन उचलता येतं?" यांनी बाजूचं स्टूल उचलून डॉक्टरांच्या मागे ठेवलं. "बसा साहेब, सकाळधरनं उभे हायेत."

"तो हँडग्लोज काढा."

"सेफ्टीचा हाय साहेब. काढता येत न्हाई."

बाहेर रांग दारापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी जास्त वाद घातला नाही, लिहून मोकळे झाले. माणिकभाऊंनी येताना पेढे आणले. "पहिला नंबर! अख्ख्या शिबिरात माझ्यासारखं बटण कुणी लावलं न्हाई!"

पेढे संपले आणि कळलं, टक्के घसरलेत. पगार बंद.

दुसऱ्या दिवशी नळावर गेटमीटिंग लागली. बादलीवर चढून माणिकभाऊ बोलले. हँडग्लोज हवेत होता, त्यामुळे रस्त्यावरचे दोन रिक्षावाले उगाच थांबले. "कंपनीला ईचारलं, काम द्या. कंपनी म्हणती, तुला हात न्हाई. सरकारला म्हणलं, पगार द्या. सरकार म्हणायलंय, तुला हात हाय! माझं म्हणणं एकच. दोघांनी एकदा बसा, चहा प्या, अन् ठरवा. हाय का न्हाई?"

टाळ्या पडल्या. आमच्याच रांगेतल्या यमुनामावशी सगळ्यांत जोरात वाजवत होत्या. त्यांचंही विधवेचं अनुदान तोडलं होतं. कारण काय, तर मुलगा कमावता आहे. मुलगा ताथवड्याला फ्लॅटमध्ये राहतो. आईकडे शेवटचा कधी फिरकला, ते विचारलं की मावशी पदर सारखा करत विषय बदलतात.

मी अपील लिहून दिलं. एकट्या माणिकभाऊंचं लिहायला बसलो, तर त्यांनी लिहू दिलं नाही. "सगळ्यांचं लिही. मावशीचं आधी. युनियन फुटली की मॅनेजमेंट खूश होती." पुन्हा तपासणीची तारीख आली आणि रांगेतल्या बायकांनी ठरवलं, यांना नापास व्हायची प्रॅक्टिस द्यायची. मी डॉक्टर झालो.

"बटण लावा."

लावलं.

"अवं भाऊ, लावू नका की!" मावशी ओरडल्या.

"हात आपसूक जातोय, काय करू?"

"बरं, हा कप धरा. आणि पाडा."

कप हातातून सुटला आणि जमिनीला टेकायच्या आत त्यांनी तो झेलला. चहाचा थेंब सांडला नाही. मावशींनी कपाळावर हात मारला. "तुमचं काही खरं न्हाई बाबा!"

शेवटी मी म्हणालो, "भाऊ, हे नाटक नकोच. खोटं कशाला? फक्त हँडग्लोज काढून हात दाखवा. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल."

त्यांनी कप विसळला. बराच वेळ विसळत राहिले. "ते सोडून बोल," म्हणाले.

तपासणीला मी रजा टाकून सोबत गेलो. हॉलमध्ये आमच्या मागच्या बाकावर एक आई, आणि तिच्या मांडीला टेकून शाळेच्या गणवेशातली सात-आठ वर्षांची मुलगी. या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या. त्यांनी बटण, पेन काहीच विचारलं नाही. "हँडग्लोज काढा."

माणिकभाऊंनी माझ्याकडे बघितलं. सेफ्टी फर्स्ट म्हणतील असं मला वाटलं. पण ते वळले आणि अगदी हळू म्हणाले, "म्याडम, काढतो. आधी त्या लेकराला तिकडं तोंड करायला सांगा."

मग एकेक बोट ओढत त्यांनी हँडग्लोज उतरवला. इतकी वर्षं शेजारी राहून मी तो हात पहिल्यांदा पाहिला. अंगठा होता. बाकी काही नव्हतं.

मुलीने तोंड फिरवलंच नव्हतं. ती उठून जवळ आली, हात नीट निरखला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला अंगठा तरी हाय की." आणि तिने आपला उजवा हात बाहीतून बाहेर काढला. जन्मापासूनच तो मनगटाशी संपलेला होता. तिचंही अनुदान थांबवून तिला फेरतपासणीला बोलावलं होतं. वाढला का बघायला, आणखी कशाला!

बादलीवर चढून सगळ्या एमआयडीसीला ऐकवणारा माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाले, "मग तू शिनियर. आधी तुझा नंबर." आणि त्यांनी खरंच तिला पुढे केलं.

निकाल अजून यायचाय. पगार बंदच आहे. मावशींचाही, त्या पोरीचाही. दर सोमवारी नळावर गेटमीटिंग असते. घरमालक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणालाय.

त्या दिवशी परतताना बसमध्ये माणिकभाऊ खिडकीशी बसले. हँडग्लोज मांडीवर, उताणा. बाहेर कंपनीच्या बसेस शिफ्टची माणसं उतरवत होत्या.

"आमची सुमन ल्हान होती," ते म्हणाले. "दवाखान्यातनं आलो, तिला उचलायला गेलो, तर हात बघून किंचाळली. आईमागं लपली. मग हे घातलं. आई गेली तिची, लग्न झालं, तरी दिवाळीला येती बघ. म्हणून तर खोली सोडत न्हाई. भावाच्या पडवीला माहेर कसं म्हणंल ती?"

त्यांनी हँडग्लोजच्या बोटातला कापूस चाचपला. "आता आली म्हंजे हे घालू, का न्हाई घालू? तू ग्रॅज्युएट हायेस, सांग."