मोठे काका आडवे होतात

मागच्या गॅलरीत दोरीवर मोठ्या काकांची गादी लटकत होती आणि तिच्यावर खडूने एका अस्वलाचं ढुंगण काढलेलं होतं.

तोंड, कान, पंजे काहीच नव्हतं. गरजच नव्हती. परदेशातल्या ज्या वन्यप्राणी केंद्रात भिंगरी आपल्या कॉलेजच्या मुलांबरोबर शिकायला निघाली होती, तिथे जखमी अस्वलाशी कुणी तोंडाकडून बोलायला जात नाही. लांबून ब्लोपाइपने, म्हणजे फुंकायच्या लांब नळीने, त्याच्या मागच्या मांडीत झोपेच्या औषधाची सुई असलेला डार्ट मारायचा, ते झोपलं की मलमपट्टी करायची. ज्याचा नेम चुकेल त्याने मुक्कामभर माकडांसाठी फळं चिरायची, असं सरांनी बजावलं होतं. आणि भिंगरी काही फळं चिरायला जनावरांची डॉक्टर होत नव्हती. त्या कामाला मुलीला परदेशात कोण पाठवतं? ते घरातच फुकट करून घेतात.

म्हणून ती गॅलरीच्या या टोकाला उभी राहून, गाल फुगवून, त्या टोकाच्या गादीवर डार्टमागून डार्ट सोडत होती. डार्टमध्ये नुसतं सलाइन होतं. सरावाला तेच भरतात. झोपेचं औषध कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद असतं.

बाकी तयारी झाली होती. लशी टोचून झाल्या होत्या, नवे बूट पाय चावून चावून शेवटी दमले होते, बॅग दाराशी उभी होती. राहिला होता घरचा होकार. तो आज संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचा होता, नाहीतर तिच्या जागी दुसरं कुणी विमानात बसणार होतं.

होकार द्यायचा होता बाबांनी. आणि बाबा म्हणजे कसे, तर पंखा कितीवर ठेवायचा हेही थोरल्या भावाला विचारणारे. थोरला भाऊ, म्हणजेच मोठे काका, कचेरीत हेडक्लार्क होते. साऱ्या नोकरीत त्यांनी कुणाला 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. 'बघू' म्हटलं. अशा माणसाला लोक अनुभवी म्हणतात. भिंगरीच्या परदेशाबद्दलही ते गेले कित्येक दिवस बघतच होते.

निवृत्त झाल्यापासून त्यांना झोप मात्र लागत नव्हती. लागणार कशी? हयातभर ज्या खुर्चीत झोपले ती खुर्चीच गेली. मग ते घरभर फिरायचे आणि दिसेल त्याला, म्हणजे भिंगरीच्या आईला, आपल्या न लागलेल्या झोपेची हकिगत सांगायचे. आई कणीक मळता मळता ऐकायची आणि ती कणीक फार मऊ व्हायची.

त्या दिवशी जेवताना बाबांनी होकाराची गाडी जरा पुढे ढकलून पाहिली होती.

"दादा, काय औषध असतं म्हणे त्यांचं! सुई टोचली की गेंडा आडवा!"

"कोण?"

"गेंडा."

"बघू," काका म्हणाले.

जेवण झाल्यावर काका पडायला गेले तर पलंगावर नुसत्या फळ्या. गादीचा शोध घेत ते दुसऱ्या दाराने गॅलरीत, नेमके गादीच्या मागच्या बाजूला उगवले. "माझ्या गादीला फाशी कुणी दिली?" असं पुटपुटत त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली, एक चिमटा खाली पडला, तो उचलायला ते वाकले, आणि खडूच्या ढुंगणाशेजारी अचानक दुसरं, खरं, धोतर नेसलेलं ढुंगण प्रगट झालं.

भिंगरीची फुंकर तोवर सुटली होती.

फुस्स!

"मेलो!"

"काका! अहो काका, तुम्ही तिथे काय करताय?"

"मी? माझ्या गादीजवळ मी काय करतोय?" काकांनी हात मागे नेला. हाताला डार्टच्या शेपटाचा लोकरीचा लाल गोंडा लागला. तो उपटून त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे... ते गेंड्याचं का?"

"नाही हो, यात फक्त सला—"

"माझे पाय गेले."

"जागेवर आहेत, काका."

"दिसतायत, पण गेले." त्यांनी दोरी धरली. दोरी, गादी आणि काका या क्रमाने सगळं खाली आलं. "तुझ्या बापाला सांग," ते गादीवर कुशीला वळत म्हणाले, "की माझ्यानंतर... पंखा... दोनवर..."

आणि घोरू लागले.

बाबा धावत आले. भावाला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "कार्टे, मारलंस त्याला!"

"सलाइन आहे बाबा! मिठाचं पाणी!"

"मिठाच्या पाण्याने माणूस घोरतो?"

यावर पशुवैद्यकाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. तेवढ्यात हात पुसत आई आली. तिने कान दिला. "घोरतायत? खरंच घोरतायत?" आणि ती तिथेच चौकटीला टेकून ऐकत राहिली.

"ऐकत काय बसलीस? डॉक्टरला बोलाव!"

"कुठल्या?"

"औषध जनावराचं आहे, तर डॉक्टरही जनावराचाच लागेल ना!" बाबा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा भावाला न विचारता त्यांनी एक फोन केला. भिंगरीच्या सरांना.

सर स्कूटरवरून आले ते हेल्मेटसकट गॅलरीत शिरले. त्यांना माणसं तपासायची सवय नव्हती. त्यांनी काकांची पापणी उलटी केली, कान ओढून सोडला, हिरड्या पाहिल्या, जीभ बाहेर काढून एका बाजूला ठेवली आणि उजेड लागू नये म्हणून डोळ्यांवर फडकं टाकलं. मग मांडीवर दोन थापट्या मारून म्हणाले, "अंगाने चांगला आहे."

"दादा आहे माझा," बाबा कळवळले.

सरांनी भिंगरीला कोपऱ्यात घेतलं. सर हळू बोलायला गेले की जास्तच ऐकू यायचे. "कपाटातलं औषध आणलंस? खरं सांग. तसं असेल तर परदेश विसर, कॉलेजातूनही जाशील!"

"सर, कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आत्ता कुठे आहे?"

सरांनी खिसा चाचपला. किल्ली होती. "वाटलंच मला," ते म्हणाले. त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या पदावरच्या माणसांना चुकल्यावरही आपलंच बरोबर आलं असं वाटतं. त्यांनी ट्रेमधल्या उरलेल्या डार्टांपैकी एक उचलला, थेंब बोटावर घेऊन चाटला. "सलाइनच आहे."

"मग हा झोपला कशाने?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याने!" भिंगरी उसळली. "जेवताना गेंडा कुणी आडवा पाडला? ते नुसतं ऐकून झोपलेत."

सर हेल्मेटच्या आत हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबांनाही हसू येत होतं, पण दादा झोपलेला असल्यामुळे परवानगी नव्हती.

तोच काका उठले. डोळ्यांवरचं फडकं काढून, जीभ जागेवर घेऊन त्यांनी मस्त आळस दिला. चेहरा कसा, नुकत्याच फुंकर मारून पुसलेल्या काचेसारखा.

"वा! निवृत्त झाल्यापासून अशी झोप नाही. काय औषध आहे! भिंगरे, कोण म्हणतं तू बिनकामाची?"

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, म्हणजे काकांशिवाय.

"मग काका, मी जाऊ ना?" भिंगरीने संधी साधली. "सरांना आज हो की नाही ते सांगायचंय."

काकांनी विचार केला. झोप झालेली असल्यामुळे पहिल्यांदाच तो पूर्ण झाला.

"नाही."

सगळे चपापले. आयुष्यात पहिला स्पष्ट निर्णय दिला माणसाने, आणि तो हा!

"नाही म्हणजे?"

"अस्वलांचं काय, ती कुठेही झोपतात. मला कोण झोपवणार? तू रोज जेवणानंतर एक टोचायचं. ठरलं."

"दादा म्हणतो तर..." बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

"अहो बाबा, पण आत्ताच सरांनी..." भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रडू कमी आणि संताप जास्त. "काका, ऐका, त्या डार्टमध्ये काही नव्हतं, नुसतं—"

आईने तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"गप. त्यांची झोप मोडू नकोस."

"पण ते जागे आहेत!"

"दिसतंय मला," आई म्हणाली.

सरांनी घड्याळ पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं. "वाईट वाटतं. पण घरच्यांचा होकार नसेल तर मला दुसऱ्या मुलाला फोन करावा लागेल." त्यांनी मोबाइल काढला.

विषय संपला म्हणून काका गादीची गुंडाळी करायला वाकले.

आईने शांतपणे ट्रेमधून डार्ट घेतला, ब्लोपाइप उचलला. भिंगरी तिला सांगणार होती की नळी अशी धर, ओठ असे ठेव. पण जिचं बालपण ओल्या लाकडांच्या चुलीत फुंकर घालण्यात गेलं, तिला फुंकणी कशी धरायची हे कॉलेज काय शिकवणार?

फुस्स!

बरोबर मागच्या मांडीत.

"आहा," काका म्हणाले. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी गादी नीट पसरली, उशीसारखी कडेला घडी घातली, मग पाय गेल्याचं जाहीर करून पडले. पंख्याबद्दल काही सांगायच्या आतच घोरणं सुरू झालं.

"अगं, हे काय केलंस?" बाबा ओरडले.

"पोरगी जाणार की नाही, ते सरांना सांगा."

"दादाला विचारल्याशिवाय मी कसा..."

"विचारा की."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा घोरत होता. "दादा?" त्यांनी हळूच हाक मारली. दादा कुशीवर वळला. विचारायला आता घरात कुणीच नव्हतं. सर मोबाइलवर बोट धरून थांबले होते.

"मग? तुमचं काय म्हणणं आहे?" आईने विचारलं, आणि ट्रेमधला शेवटचा डार्ट नळीत सरकवला.

बाबा मागे सरकले आणि पाठीपासून खालपर्यंत भिंतीला घट्ट चिकटून उभे राहिले.

"जाऊ दे की तिला," ते म्हणाले. "मी कधी नाही म्हणालो?"