दगडूआप्पांचा आकडा

आमच्या शेजारचे दगडूआप्पा आपलं आधार कार्ड दर आठवड्याला नव्या जागी लपवतात. कधी ज्वारीच्या डब्यात, कधी देवाच्या फोटोमागं. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्टा केल्या, गेटवर रोज पास दाखवला. तेव्हापासून कागद हरवला की माणूस बाहेर, हे त्यांच्या मनात पक्कं बसलंय. झेरॉक्स काढायला गेले तरी कार्डाचा एक कोपरा हातातून सोडत नाहीत. वर म्हणतात, "दिवस बरे न्हाईत."

गेल्या महिन्यात त्यांनी ते इतकं जपून ठेवलं की त्यांनाच सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि आधारशिवाय घेणार नाहीत असं सांगितलेलं. आप्पांनी गाद्या उसवल्या, डबे पालथे केले. संध्याकाळी घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

मी म्हटलं, मोबाइलवर उतरवून घेऊ. नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण तो त्यांनी माझ्या कानात सांगितला. ओटीपी मात्र आमच्याकडे आलाच नाही. स्क्रीनवर ज्या मोबाइलवर गेला त्याचे शेवटचे आकडे दिसत होते. ते वाचून दाखवले तसे आप्पा खाली बसले.

"ह्यो इलासचा नंबर हाय."

विलास म्हणजे त्यांचा मुलगा. आप्पांनी लावून दिलेली कंपनीतली नोकरी सोडून त्यानं शिरूरला गॅरेज टाकलं, त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. कार्ड काढलं तेव्हा आप्पांकडे फोन नव्हता, म्हणून त्याचा दिलेला.

ओटीपी थोडाच वेळ चालतो, असं मी सांगितलं. आप्पा आपला फोन हातात घेऊन नुसते बघत राहिले. शेवटी लावला.

"आप्पा? काय झालं? बरं हाय ना?"

"आकडा आलाय का?"

विलासनं आकडा सांगितला, पण कशाला हवाय तेही विचारलं. आप्पा डोळ्याचं सांगू लागले. त्यात वेळ टळली. पुन्हा मागवला, पुन्हा फोन. या खेपेला नातीच्या शाळेचा विषय निघाला, पण आकडा वेळेत भरला गेला.

मग उतरलेल्या फाइलनं पासवर्ड मागितला: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. आप्पा हबकले. "माझं नाव तीन अक्षराचं हाय की." इंग्रजीत सहा होतात म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. कार्ड उघडलं, फोटो दिसला.

"झालं आप्पा," मी म्हणालो.

ते उठले नाहीत. म्हणाले, "अजून एकदा मागव."

"फाइल उतरली की."

"त्याला कुठं म्हाईत हाय?"

मी बटण दाबलं. आप्पांना फोन लावावा लागला नाही. त्यांच्या हातातला फोन आपणच वाजला.