मागच्या दारानं ग्दान्स्क

"घरात एक चमचा जरी मागं राह्यला ना, तर माहं नाव बदलून टाकजा!" प्रफुल्लनं छाती ठोकून सांगितलं. "लोकं परदेशात जातात अन् जीव इकडच्या कुकरात अडकून राह्यते. आपलं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे!"

तसा प्रफुल्ल वेल्डर. तुकडे जोडणं हा त्याचा धंदा. राजूरकडच्या खाणीत हात बसला, आणि आता पोलंडात, ग्दान्स्क नावाच्या शहरात, जहाजाच्या कारखान्यात पाच वर्षांची नोकरी लागली होती. शहराचं नाव घेताना शिंक घशात अडकल्यासारखं व्हायचं, पण अख्ख्या बाभुळगावानं ते त्याच्या तोंडून ऐकलं होतं.

"पासपोर्ट तर हाती येऊ द्या," दीपा, त्याची बायको, म्हणाली. "मंग वाटा भांडे."

"एजंट नागपूरले हातातच देतो म्हणते. तू कायले टेन्शन घेऊन राह्यली?"

आणि वाटप सुरू झालं! पलंग गेला, गॅस गेला, मिक्सर गेला. भर मे महिन्यात कूलर शेजारच्या बाबारावकाकांना दिला.

"कूलर तरी राहू द्या हो!"

"ग्दान्स्कले कूलर? अवं, तिथं शेजारी समुद्र हाय!"

चौकात फ्लेक्स लागला. काळा गॉगल लावलेला प्रफुल्ल, त्याच्या कानातून निघाल्यासारखं विमान, आणि खाली 'परदेशी रवाना!' बाबारावकाकांनी शाल घातली, भाषण ठोकलं, आणि "जयभीम! पोलंडचं नाव काढ!" म्हणत जीपपर्यंत पोचवलं. तीन बाया रडल्या. त्यातली एक दीपा होती, पण ती कूलरसाठी.

नागपूरला पोचले, तर एजंटचा फोन आला. "भाऊ, पासपोर्ट दूतावासातच अटकला. आठ-दहा दिवसांत कुरिअरनं घरीच येईल."

"कोणाच्या घरी?"

"तुमच्या! बाभुळगावच्या!"

परत जायचं? शाल घेऊन? त्यापेक्षा पोहत ग्दान्स्कले गेलेलं बरं! पण पोहता येत नव्हतं. शेवटी दोघं भर दुपारी गावात शिरले. त्या उन्हात बाभुळगावचं कुत्रंही नालीतून डोकं वर काढत नाही. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप तसंच राहू दिलं, आणि मागच्या दारानं आपल्याच घरात चोरासारखे घुसले.

घर कसलं, तापलेला तवा! गाद्या वाटून टाकलेल्या, म्हणून बॅगेतले लोकरी कोट जमिनीवर अंथरले. पंचेचाळीस डिग्रीत लोकरीच्या गादीवर माणूस असा शिजतो, की वरून मीठ टाकलं तर पाहुण्यांना वाढता येईल! जेवायला ग्दान्स्कसाठी बांधलेला चिवडा. पाणी चोरून. बोलणं कानात. प्रफुल्लनं आपला फोनही बंद ठेवला, कारण पोलंडला गेलेल्या माणसाचा नंबर लगेच लागला तर शोभत नाही.

आणि भिंतीपलीकडं रात्रंदिवस त्याचाच कूलर! खड्‌खड् खड्‌खड्! त्याचा ढिला स्क्रू प्रफुल्लला ओळखू येत होता. तो अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचा, पिंजऱ्यातल्या वाघासारखा. पण बनियनमधल्या.

"बसा ना एका जागी!"

"कसा बसू? माह्या हवेत दुसराच झोपून राह्यला!"

आठव्या दिवशी दीपाच्या फोनवर बाबारावकाकांचा व्हिडिओ कॉल आला. प्रफुल्लनं कोट चढवला, पांढऱ्या भिंतीपुढं बसला.

"कसं काय पोलंड?"

"बर्फ पडून राह्यला काका! नुसता बर्फ!"

"मंग तुले एवढा घाम काहून?"

"हीटर! हीटर लय कडक हाय इथला!"

तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची गाडी आली. "भंगाऽऽर, टिन-टप्परऽऽ, जुनी बॅटरीऽऽ!" काकांना ते एका कानाने खिडकीतून आणि दुसऱ्या कानाने फोनमधून ऐकू आलं.

"तिकडंबी भंगारवाला? अन् मराठीत?"

"काका, आपले लोक कुठं नाहीत!" म्हणून प्रफुल्लनं फोन कापला.

काका तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी गावभर सांगितलं, पोलंडात बर्फ पडून राह्यला, पोरगा हीटरपुढं बसून हाय, अन् भंगारसुद्धा आपलेच लोक घेतात!

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराबाहेर मोटारसायकल थांबली. दोघं श्वास रोखून बसले. मग कुरिअरवाला शेजारी विचारताना ऐकू आला.

"प्रफुल्ल साहेब इथंच राह्यतात का? पासपोर्ट हाय. फोन बंद येते."

प्रफुल्ल दाराशी धावला. ओरडावं का? ओरडलं तर शाल गेली, भाषण गेलं, बर्फ वितळला! तो तोंड उघडतो, मिटतो, उघडतो.

"तो?" बाबारावकाका अभिमानानं म्हणाले. "तो पोलंडमधी हाय! कालच बोलणं झालं. तो पाहा चौकात फ्लेक्स!"

"मंग परत पाठवतो."

"ओरडा ना हो!" दीपानं ढोसलं.

"मी इथंच हाओऽऽ!" प्रफुल्ल बोंबलला. दारावर लाथा घातल्या. पण दाराला बाहेरून त्याचंच कुलूप, आणि शेजारी त्याचाच कूलर. खड्‌खड् खड्‌खड्!

मागच्या दारानं निघून, नाली ओलांडून, गल्लीला वळसा घालून तो अनवाणी चौकात पोचला, तेव्हा मोटारसायकलची धूळसुद्धा खाली बसली होती. वर गॉगलमधला प्रफुल्ल, खाली बनियनमधला. फ्लेक्स दाखवायला आलेले बाबारावकाका दोघांकडं आळीपाळीनं पाहत राहिले.

"काहून रे? केव्हा आला?"

"हे काय, आत्ताच."

"बर्फातून?"

काकांनी हाताला धरून त्याला आपल्या घरात नेलं, कूलरपुढं बसवलं आणि म्हणाले, "आता आलाच हायस, तर त्यात दोन बादल्या पाणी टाक."

प्रफुल्लनं पाणी टाकलं. मग फोन चालू केला. कुरिअरचा मेसेज आला होता. पाकीट परत पाठवलं आहे. कारण : घेणारा परदेशात.