काकांची दाढ चार्जिंगवर

आमच्या शेजारचे दौलतकाका गेल्या काही महिन्यांपासून रोज संध्याकाळी सहा ते सात आपली दाढ चार्जिंगला लावतात. वायर वगैरे काही नाही. दात घासायचे, फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही आणि तासभर तोंड मिटून ओसरीवर बसायचं. कोणी आलं की गालाकडे बोट दाखवायचं. बालाघाटच्या आमच्या अख्ख्या वॉर्डाला त्याचा अर्थ ठाऊक आहे.

सुरुवात डॉक्टरीणबाईंनी केली. किडलेल्या दाढेत सिमेंट भरल्यावर त्या म्हणाल्या, "यातून फ्लोराइड हळूहळू सुटतं, शेजारच्या दातालाही जपतं. कमी झालं की टूथपेस्टमधलं पुन्हा शोषून घेतं." काका जन्मभर वीज खात्यात लाइनमन. त्यांनी गावभर सांगितलं, दाढेत बॅटरी बसवली.

मग काय, येईल त्याला चहाआधी तोंड उघडायला लावायचे. पुतणीला पाहायला लांजीहून मुलगा आला, तर त्याच्या बापासमोर म्हणाले, "पोरगा ठीक हाय, पण डाव्या बाजूची लाइन कमजोर हाय."

आता हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हेच. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ. मी "बाजारातून..." म्हणालो की, "कांदे आणले, हौ ना?" मी आणलेले असायचे खिळे.

गेल्या वर्षी निर्मलाकाकूंना लकवा झाला. हातपाय सावरले, जीभ मागे राहिली. एकेक शब्द हुडकावा लागतो. त्यांनी "मले..." म्हणायचा अवकाश, काका पाणी घेऊन हजर. हळूहळू काकूंनी बोलणंच सोडलं. मला काकांचा अस्सा राग यायचा!

परवा माझी दाढ ठणकली म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चार्जिंगचं विचारलं तर त्या हसल्या. "अर्धा तास खाऊ-पिऊ नये, बस. बोलायला काय हरकत आहे? हे मी त्यांना कधीच सांगितलंय."

काकांची जिरवायला मी थेट ओसरीवर. ते मिटल्या तोंडानं बसलेले, आणि शेजारी काकू चक्क बोलत होत्या.

"उकव्याची... बस सुटली... तवा तुम्ही... मले..."

शब्द अडला. ही गोष्ट मला पाठ होती. बस सुटली आणि काकांनी नव्या नवरीला पायी चालवत आणलं, हे त्यांनी शंभरदा ऐकवलंय. 'चालवत' म्हणायला मी तोंड उघडलं, तर काकांनी माझं मनगट करकचून दाबलं. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

"...जंगलातून... टेंभरं आणून देल्ले," काकू म्हणाल्या. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं! त्यांनी घाम पुसला आणि खुशीत आत गेल्या.

"काका, डॉक्टरीण म्हणते, तोंड मिटाची काही जरूरत नाही."

"मले मालूम हाय." काका आतल्या दाराकडे पाहत राहिले. "पण निमित्त नसलं तं माह्याच्यानं चूप बसनं होत नाही गा."

मग डोळे पुसत म्हणाले, "टेंभरायचं मी पार भुलून गेलतो. इतके वर्ष तिची गोष्ट मीच सांगत राह्यलो."