एक पुढे, चार मागे

आराखडे ‘बघतो’ म्हणाले, तिथून सगळं सुरू झालं.

नळजोडणी खात्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी ‘बघतो’ या शब्दाला तसा काही अर्थ नसतो. समोरच्यानं आता उठावं, एवढंच त्यातून सुचवायचं असतं. पण या वेळी आराखडे खिडकीमागे बसलेले नव्हते, सासूबाईंच्या घरी सगळ्यांच्या मध्ये बसलेले होते. आणि सासरच्या माणसांनी तो शब्द खरा धरला.

आराखडे हे त्यांचं आडनाव नव्हे. भिंतीत खिळा मारायचा असला तरी ते आधी कागदावर त्याचा आराखडा काढायचे, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. (आराखडा सुरेख असायचा. खिळा पडायचा.)

प्रश्न सासूबाईंच्या डोळ्यांचा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर खाली शहरात होते. सासूबाईंचं घर डोंगराच्या खांद्यावर. गाडीचा रस्ता पायथ्याशी संपायचा, तिथून वर तासाभराची दगडाधोंड्यांची वाट. पायाखालचा दगड दिसत नाही म्हणून सासूबाई दोनदा पडल्या होत्या आणि दुसऱ्या पडण्यानंतर त्यांनी डोंगर उतरणं बंद केलं होतं. मोठ्या मेहुण्यानं तोडगा काढला, की खुर्चीला दोन दांडे बांधू आणि चौघे मिळून आईला खाली नेऊ.

“चौघांनी मला उचलायचं ते एकदाच,” सासूबाई म्हणाल्या. “आणि त्या वेळी मला विचारत बसू नका.”

शांतता फार लांबली, आणि लांबलेली शांतता आराखड्यांना सोसत नसे. ते म्हणाले, “बघतो काहीतरी. गाडी दारापर्यंत आणता येईल. तशी गाडी बनवावी लागेल, एवढंच.”

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं काहीतरी बनवतो म्हणण्याची ही सातवी वेळ होती. पहिल्या सहा वस्तू माळ्यावर होत्या.

घरी आल्यावर त्यांनी आराखडा काढला. उंच चाकं, जाड लोखंडी सांगाडा, मागे सामानाला जागा, पुढे दोरखंड अडकवायला आकडा. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. बायकोनं हात पुसत तो नीट पाहिला आणि विचारलं, “ब्रेक कुठे आहेत?”

आराखड्यांनी झेंड्याची काठी लावायला जागा काढली होती, ब्रेक काढले नव्हते.

मग बायकोनं अट घातली. ब्रेक नवे, टायर नवे, स्टिअरिंग नवं. बाकी गाडी भंगारातून आणा नाहीतर आभाळातून आणा, आपण बोलणार नाही. ती शिवणवर्ग चालवायची, त्यामुळे कुठे जुनं कापड चालतं आणि कुठे नवंच लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भंगारवाल्याकडे आराखडे चार रविवार गेले. एका जुन्या जीपचा सांगाडा मिळाला, त्यात वेल इतका वाढला होता की आधी जीप आहे हेच कळलं नव्हतं. इंजिन मिळालं पाव वाटणाऱ्या एका व्हॅनचं. तापलं की अजूनही त्यातून भाजल्या पावाचा वास यायचा. मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल कुठल्या गाडीचा, हे भंगारवाल्यालाही सांगता येईना. आराखड्यांनी विचारलं, “चालेल ना हा?”

“चालला असता तर माझ्याकडे आला असता का?” भंगारवाला म्हणाला, आणि वाईट वाटू नये म्हणून एक सलूनची खुर्ची वर दिली. खुर्ची भक्कम होती. गोल फिरायची, मागे कलायची, डोकं टेकायला उशी होती. सासूबाईंना हीच द्यायची, असं आराखड्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

जोडकामाला कोपऱ्यावरचा वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत. तो दोनच गोष्टी बोलायचा, ‘होईल’ आणि ‘नाही होणार’, आणि दोन्ही एकाच सुरात, त्यामुळे नीट ऐकावं लागायचं. घरामागच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी दोघांचं काम चाले. चार महिन्यांत सांगाडा सरळ झाला, इंजिन बसलं, छप्पर उभं राहिलं. छपराचं ताडपत्रीसारखं जाड कापड बायकोनं वर्गातल्या मशीनवर शिवून दिलं. त्या गाडीत सरळ अशी एकच रेघ होती, ती त्या शिवणीची.

अ‍ॅक्सल तेवढा राहिला. नेमका त्याच आठवड्यात ठिणगीचा हात भाजला आणि तो चार दिवस आलाच नाही. तिकडे डॉक्टरांची तारीख जवळ आलेली. मग आराखड्यांनी अ‍ॅक्सल एकट्यानं बसवला. गाडीखाली उताणं झोपलं की वर काय आणि खाली काय, याचा माणसाला फारसा भरवसा राहत नाही. पण बोल्ट इतके नेमके बसले की आराखड्यांना गहिवरून आलं. त्यांच्या हातची वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच बसली होती. या आनंदात, पक्कं राहावं म्हणून, त्यांनी ठिणगीचं यंत्र घेऊन स्वतःच वरून वेल्डिंगही करून टाकलं.

चाचणीच्या दिवशी गल्ली जमली. शस्त्रक्रियेला सात दिवस उरले होते. आराखड्यांनी टोपी सारखी केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि चेहरा गंभीर करून समोर पाहिलं. गाडी मागे गेली.

गिअर चुकला असेल म्हणून त्यांनी दुसरा टाकला. गाडी आणखी वेगानं मागे गेली आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या कुंपणात शिरली. मुख्याध्यापक खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा खाली केला, नंबरप्लेट नाही हे पाहिलं आणि पेपर परत वर घेतला. आराखड्यांनी घाबरून रिव्हर्स टाकला. गाडी सरळ पुढे निघाली, पावाचा वास सोडत, आणि शेडपाशी येऊन थांबली.

ठिणगी हाताला पट्टी बांधलेलाच गाडीखाली शिरला. बाहेर आला, तेव्हा तो प्रथमच लांब वाक्य बोलला. “अ‍ॅक्सल उलटा बसवलाय. आता हिला एक गिअर पुढे आणि चार मागे.”

सुलट करायला किती दिवस लागतील, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की नुसता बोल्टवर असता तर एका दिवसात झालं असतं, पण वेल्डिंग कापून काढायला सांगाडा खोलावा लागेल, म्हणजे तीन आठवडे. “वेल्डिंग कुणी केलं?” त्यानं विचारलं. आराखड्यांनी टोपी सारखी केली. “पक्कं झालंय,” ठिणगी म्हणाला. एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती, पण आराखड्यांना ती घेता आली नाही.

लोक पांगले. आराखडे शेडमध्ये सलूनच्या खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरांची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती, आणि इतके दिवस थांबू नका असं त्यांनी आधीच बजावलं होतं. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, की मेहुण्याला कळवून टाकतो, नाही जमलं म्हणून. माझं काही जमत नाही हे त्यांना नवीन नाही. फक्त तुझ्या आईला या वेळी खरंच आणायचं होतं.

बायको बराच वेळ गाडीकडे बघत उभी होती.

“मागे नीट जाते ना?” तिनं विचारलं.

“मागे उत्तम जाते.”

“मग मागेच जाऊ. मागचं मी बघते.” कप त्यांच्या हातात देत ती म्हणाली, “गाडीचं तोंड कुठे आहे, हे आईला थोडंच दिसणार आहे?”

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळीच दोघं निघाली. सपाट रस्त्यावर तो एकुलता एक पुढचा गिअर चालायचा, पण सायकलच्या वेगानं. एक भाजीवाला सायकलवरून त्यांना ओलांडून गेला, थांबला, आणि धक्का हवाय का म्हणून विचारून गेला. पायथ्याशी वाट सुरू झाली तसा जोर पडून तो गिअर सारखा सुटायला लागला. तेव्हा आराखड्यांनी गाडीची पाठ डोंगराकडे केली, पहिला गिअर टाकला आणि चढायला सुरुवात केली. बायको मागे छपराचा दांडा धरून उभी राहिली.

“डावीकडे घ्या.”

“माझ्या डावीकडे की तुझ्या?”

“दरीच्या उलट.”

पुढे तेच एक माप ठरलं. दरी आणि दरीच्या उलट. नवे टायर दगडांवर चढत होते, नवे ब्रेक धरत होते, पावाचं इंजिन गुरगुरत होतं, आणि तासाभरानं गाडी खरोखरच सासूबाईंच्या दारात उभी राहिली. पाठमोरी आली म्हणून काय झालं, आली. मोठा मेहुणा अंगणात तोंड उघडं टाकून उभा होता. आराखड्यांनी किल्ली खिशात टाकली आणि आपण रोजच येतो अशा चेहऱ्यानं पाणी मागितलं.

सासूबाई पिशवी घेऊन तयारच होत्या. त्यांनी गाडी हातानं चाचपली. हाताला आधी नवा टायर लागला, मग लेकीची शिवण. “चांगली आहे की,” त्या म्हणाल्या. “कोरी घेतली वाटतं.”

बायकोनं त्यांना खुर्चीत बसवून जाड पट्ट्यानं बांधलं.

उतरताना गाडीचं तोंड खाली असल्यामुळे पुढचा गिअर लागणार होता, आणि तो सुटू नये म्हणून बायकोनं गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. आराखड्यांनी ब्रेक सोडला नाही. मेहुणा पुढे चालत दगड बाजूला करत होता आणि वाट बघत मध्ये मध्ये बसतही होता. सासूबाई मात्र मजेत होत्या. आपली खुर्ची फिरते हे त्यांना पहिल्या वळणावरच कळलं होतं, त्यामुळे वाऱ्याची झुळूक ज्या बाजूनं येईल तिकडे त्या तोंड करत. अर्ध्या वाटेत त्यांना डुलकीही लागली. पायथ्याशी पोहोचल्यावर आराखड्यांनी पाय ब्रेकवरून काढला, तर तो पाच मिनिटं सरळ होईना.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी खिडकीतून गाडी पाहिली आणि औषधांच्या कागदावर ‘धक्के टाळावेत’ हे दोनदा लिहिलं. एका डोळ्यानंतर दुसरा, असे दोन महिने सासूबाई लेकीकडेच राहिल्या.

त्यांना दिसायला लागलं आणि घरात बऱ्याच गोष्टी उघड झाल्या. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. माळ्यावरच्या सहा वस्तू दिसल्या. एका सकाळी चहा पिताना त्यांनी जावयाकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पूर्वीपासूनच असे आहात का?”

आराखडे हो म्हणाले.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्या शेडमध्ये गेल्या. गाडीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. वाकून खाली पाहिलं, सलूनची खुर्ची एकदा फिरवून पाहिली.

“हिच्यातून आले मी?”

“हो,” आराखडे म्हणाले.

“दिसत नव्हतं तेच बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “दिसत असतं तर बसले नसते. आणि बसले नसते तर दिसलं नसतं.” त्यांनी जावयाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आत गेल्या.

परतीच्या दिवशी मात्र सासूबाईंनी पायथ्याशी गाडी थांबवली आणि पट्टा सोडायला लावला. आता वाटेतला दगड न् दगड दिसतोय, तर मी चालतच जाणार, म्हणाल्या. आईला एकटं कसं सोडायचं म्हणून बायकोही उतरली. राहिल्या दोन पिशव्या आणि आराखडे. सांगाडा खोलायचा मुहूर्त अजून लागला नव्हता, त्यामुळे गाडीची पाठ डोंगराकडे करून, मान पिळून मागे बघत, ते एकटेच चढायला लागले. दरी कुठे आणि उलट कुठे हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून दर दहा पावलांवर ते उतरून बघून यायचे.

मायलेकी वर पोहोचल्या. हातपाय धुऊन झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. दोघी पायरीवर येऊन बसल्या. खाली, वाटेच्या दुसऱ्या वळणावर, काडेपेटीएवढी गाडी दिसत होती.

सासूबाईंनी कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ पाहिलं.

“सगळं कसं लख्ख दिसतं बघ,” त्या म्हणाल्या. “झाडं दिसतात, ते पक्षी दिसतात. पण जावई येताहेत की चाललेत, ते काही कळेना.”

“थांब जरा,” लेक म्हणाली. “मोठे दिसायला लागले, तर येताहेत.”

दोघी बघत राहिल्या. उन्हं कलली तरी आराखडे काही मोठे होईनात.